विझवलेल्या कोळशाचं पोतं

आमच्या पडवीत दोन पोती असायची. एकात बाभळीचा नवा कोळसा, दुसऱ्यात कामावरून परत आणलेला, विझवलेला. माझे मालक कल्हईवाले. सायकलला भाता बांधून चाकणपासून चिखली-पुनावळ्यापर्यंत हिंडायचे, गावात झाडाखाली खड्डा करून भट्टी लावायचे आणि काम संपलं की अर्धवट जळालेल्या निखाऱ्यांवर माती ओढायचे. गार झाले की पोत्यात भरून घरी आणायचे. पाणी मारून त्यांनी कधी निखारा विझवला नाही. पाण्यानं कोळसा तडकतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दुसऱ्या पोत्याबद्दल घरात एकच हुकूम होता, त्यातला कोळसा चुलीला लावायचा नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला वाटायचं, कारागिराचा तोरा आहे, चालू दे.

मग त्यांना क्षय झाला. सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुया सुरू केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुया एकट्या काय करणार? रोज मटणाचा रस्सा पोटात गेला पाहिजे. रोज, समजलं का?" मी मान डोलावली. घरात मटण शिजायचं सणाला, आणि हा माणूस रोज म्हणत होता. पिंपरीला तेव्हा औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता. तिथल्या मजुरांच्या पातेल्यांना यांनीच बांधकामाच्या धुरळ्यात बसून कल्हई करून दिली होती. तो धुरळा आठवला की मला राग यायचा. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी बकरी ईद ऐन श्रावणात आली. कुर्बानीच्या मटणाचे तीन वाटे होतात. एक घरचा, एक नात्यागोत्याचा, एक गरिबांचा. दरवर्षी आमच्या दारातून ताटं बाहेर जायची. त्या वर्षी ती आत आली, आणि आणणाऱ्या बायकांच्या नजरेवरून मला कळलं की आम्ही तिसऱ्या वाट्यात गेलो. मी ताटं घेतली. तोंड पाडून घेतली, पण एकही परत केलं नाही. सगळं मिळून मोठं पातेलं भरलं. महिनाभर रोज थोडं थोडं शिजवलं असतं तर पुरलं असतं, फक्त ते टिकायला हवं होतं.

उन्हाळ्यात ईद आली की प्रश्न नसतो. मीठ-हळद लावायची, पट्ट्या कापून दोरीवर घालायच्या, दोन दिवसांत कडक. श्रावणात ऊन येतं आणि सर येते, सर जाते आणि ऊन येतं. मी पट्ट्या बाहेर घालायची, धावत आत आणायची, पुन्हा बाहेर. दुसऱ्या दिवशी दुपारी एक पट्टी नाकाशी धरली. वास बदलायला लागला होता. अर्धं मटण अजून मडक्यात खारवलेलं होतं, पण तेही किती दिवस राहणार?

शेजारच्या पाटलीणबाईंच्या परसात बुड फुटलेला रांजण पडला होता. मी कुंपणापाशी जाऊन मागितला. कशाला, तेही सांगितलं. त्यांचा श्रावण, घरात कांदासुद्धा बंद.

"धूर आमच्याकडंच येणार की गं."

"येनार. दुसरा उपाय न्हाई मावशी."

"ने. धुराला काय श्रावण असतो व्हय?" असं म्हणून त्यांनी स्वतःच तो माझ्याबरोबर उचलला.

परसात वीतभर खड्डा केला, त्यावर रांजण बसवला, तोंडावर तारा टाकून पट्ट्या लोंबत्या सोडल्या आणि वरून ओलं गोणपाट टाकलं. खाली कोळसा, कोळशावर पेरूच्या ओल्या फांद्या. नव्या कोळशाचं पोतं झटकून जेवढं निघालं तेवढं तासाभरात संपलं. पावसाळ्यात डोंगरातून कोळसा येत नाही, कुणाकडे मागायची सोय नव्हती. लाकडावर करावं तर सरपण भिजलेलं, त्याच्या काजळीनं मटण काळं पडलं असतं. मी पडवीत जाऊन दुसऱ्या पोत्यापुढे उभी राहिले. आत ते खोकत होते. मी पोत्याचं तोंड सोडलं आणि घमेलं भरलं. कोळसा तो कोळसा, असं स्वतःला बजावलं.

छान पेटला. संध्याकाळपर्यंत पट्ट्या तांबूस, कोरड्या, कडक झाल्या. मला हसू आलं, कित्येक महिन्यांनी. त्यातल्या दोन पट्ट्या कुटून रस्सा केला आणि वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक घोट घेतला. गिळला नाही. तोंडात तसाच धरून माझ्याकडे पाहिलं आणि मग तस्तात थुंकून टाकला.

"कोळसा कुठला घातला?"

"घरचाच."

"कुठला घरचा?"

"तुमच्या पोत्यातला! दुसरा कुठं हाय? डोंगर खोदून आनू का आता?" मी ओरडले. पळी हातात होती, ती भिंतीवर फेकून मारली.

ते चिडले नाहीत. दम लागत होता, म्हणून तुकड्या-तुकड्यानं बोलले. "त्यात नवसागर हाय. भांडं तापवून वर टाकतो ती पूड. आन् लोकांच्या जुन्या कल्हईत शिसं असतं. ते वितळून खाली कोळशावर गळतं. म्हनून नको म्हनत होतो."

"मग हे आधी सांगायचं ना! इतक्या वर्षांत एकदा सांगायचं!"

"तू इचारलंस कधी?"

मी एक पट्टी चावून पाहिली. खारट, कडू, जिभेला चरचरणारी. भट्टीवर नवसागर टाकल्यावर पांढरा धूर उठतो, त्याची चव. अर्धा महिना मी माझ्या हातानं नासवला होता. लोकांनी कुर्बानीचं म्हणून दिलेलं मटण परसात खड्डा करून पुरलं, वर दगड ठेवले, आणि तिथंच चिखलात बसून रडले. पाटलीणबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीतून कसलातरी खण्ण आवाज येत होता. जाऊन पाहते तर हे पाटावर बसलेले. दोन महिने अंथरूण सोडलं नव्हतं त्यांनी. पुढ्यात पाण्याची बादली आणि पोतं.

"आत चला," मी म्हटलं.

"चाळणी आन. मडक्यातलं अर्धं हाय ना अजून."

चाळणीतून चुरा गाळला. प्रत्येक कोळसा हातात फिरवून त्याला चिकटलेला धातूचा मणी नखानं खरवडून काढला. जो निघेना तो कोळसा फेकून दिला. उरलेले तीन पाण्यांत धुतले. नवसागर पाण्यात उतरतो, शिसं उतरत नाही, म्हणाले. मग मी चुलीशी तव्यावर ते सुकवत बसले आणि ते एकेक उचलून दुसऱ्यावर आपटून ऐकत राहिले. सुकलेला कोळसा खण्ण वाजायचा. ओला असला की भद्द, तो पुन्हा तव्यावर. डोळे मिटून ऐकायचे. पातेल्याचा पत्रा कुठं पातळ झालाय, तेसुद्धा ते असंच ऐकून सांगायचे.

"पेटला की लगेच मांस टांगायचं न्हाई. वरून पांढरा पडेस्तवर थांबायचं. पयला धूर जाऊ द्यायचा."

पाऊस थांबला की ते परसात यायचे. रांजणाशी बसून फुंकणीनं हवा कमी-जास्त करायचे. संध्याकाळी निखारे मडक्यात भरून, वर झाकण ठेवून, झाकणाची फट शेणानं लिंपायची. आत हवा गेली नाही की निखारा मरतो, कोळसा मरत नाही. दुसऱ्या दिवशी तोच कोळसा खाली पसरायचा, त्यावर धुतलेल्यातले अजून न पेटवलेले चार तुकडे. एवढ्याशा घमेल्यावर त्यांनी चार दिवस काढले. मी रोज भांडायचे. धूर तुमच्या छातीला चालत नाही, मला जमतंय, आत जा. ते म्हणायचे, "तुला जमतंय ते बघितलं की त्या दिवशी." आणि हसायचे, आणि हसताना खोकायचे. तिसऱ्या दिवशी खोकल्याबरोबर रक्त पडलं. त्यांनी पायानं त्यावर राख ओढली. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला ते मटण हवं होतं. त्यांना ओढत आत नेलं असतं तर मटण नासलं असतं, आणि नासलं असतं तर त्यांना काय देणार होते मी? हा हिशेब मी तेव्हा केला. चुकीचा केला, हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

पट्ट्या अप्रतिम झाल्या. लाकडासारख्या कडक, आणि पेरूचा मंद वास. चुलीच्या वर आढ्याला टांगल्या. रोज दोन पट्ट्या, एक वाटी रस्सा. त्यांनी तो अकरा दिवस प्यायला. बाराव्या दिवशी वाटी ओठांपाशी नेली, तोंड वळवलं, आणि दुपारी गेले.

मी आढ्याकडे बघायचं सोडून दिलं. कोनाड्यात डाळी होत्या, त्यावर राहिले. त्यांचा चाळिसावा दिवस आला तेव्हा लोकांना जेवू घालायचं होतं आणि घरात दुसरं काही उरलं नव्हतं. मी शिडी लावून पट्ट्या काढल्या. वाटलं, एव्हाना बुरशी आली असेल. एकीलाही आली नव्हती. कुटलं, शिजवलं, वाढलं.

ज्यांनी ईदला ताटं आणली होती, त्याच बायका पंगतीला होत्या. एकीनं बोटं चाटत विचारलं, "बाई गं, भर पावसात इतके दिवस टिकवलंस कसं?"

"कोळसा धुऊन घ्यायचा," मी सांगितलं, आणि तिच्या ताटात अजून एक पळी वाढली.