दहा किलोची प्लेट

पंचवटीतल्या आमच्या जिममध्ये मोठा निळा बॉल नवीनच आला होता. पोरं त्यावर उड्या मारायची. व्यायाम करायचा तो एकटाच, बाजारात फुलं देऊन येणारा, नखांत झेंडूचा पिवळा रंग बसलेला पन्नाशीचा माणूस. बॉलवर पाठ टेकायची, पाय घट्ट रोवायचे, दहा किलोची प्लेट छातीशी धरायची आणि श्वास सोडत सावकाश उठायचं. त्याचं बघून मीही करू लागलो. मी घाई केली की म्हणायचा, "मान नका ओढू. पोटानं उठा."

त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती. तिला रोज उचलून मोरीपर्यंत न्यावं लागे. पाठ सांभाळायची म्हणून डॉक्टरांनी त्याला हे शिकवलं होतं.

पुढे तो साडेसात किलोवर आला, मग पाचवर. मी मोठ्या शहाणपणानं झापलं, "काका, वजन वाढवायचं असतं. तुम्ही कमी काय करताय?"

"ती लय हलकी होत चाललीय," तो म्हणाला. "मला तेवढंच उचलायचं हाय."

मग पंधरा दिवस तो दिसला नाही. आला तेव्हा डोक्यावरचे केस काढलेले होते. त्यानं प्लेटकडे पाहिलंही नाही. बॉलवर पाठ टेकली, प्लेट धरल्यासारखे रिकामे हात छातीशी घेतले आणि श्वास सोडत सावकाश उठला.

मान जराही ओढली नाही.