काचेची तार

"फुकू नगा. आपल्याआप थंड होऊ द्या."

तारेच्या टोकाला शिशाचा डाख देऊन झाला, की मावशी हे म्हणायच्याच. घाईतलं गिऱ्हाईक हटकून फुंकर मारायला वाकायचं. मावशी तार पदराआड घ्यायच्या आणि दारातून बाहेर बघत बसायच्या. तेवढ्या वेळात त्या कुठं जाऊन यायच्या, कोण जाणे.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. दुष्काळ बघणाऱ्या साहेबांना घेऊन माझी भाड्याची मोटार औशाकडं, किल्लारीकडं धुळीतून फिरायची. दाराची काच वरखाली करणारी तार धुळीनं अडकायची, तुटायची. नवी लवकर मिळत नसे. मग आमच्या गल्लीतले मिस्त्री घरच्या ओसरीवर स्कूटरची तार कापून, टोकाला शिशाची गुंडी जोडून द्यायचे. मावशी त्यांची बायको.

पुढं मिस्त्रींच्या हातांना कंप सुटला. एकदा माझ्यादेखत तापलेला डाख त्यांच्या गुडघ्यावर सांडला. मावशी आतून आल्या. माहेर उदगीरचं, कल्हईवाल्यांचं; नवसागराच्या धुरातच त्या वाढलेल्या. त्यांनी मिस्त्रींच्या हातातून डाखणी घेतली आणि गुंडी जोडली. सुबक जोडली.

मिस्त्री उठून गेले ते दिवसदिवस बसस्टँडच्या बाकावर बसू लागले. माझी मोटार तिथंच उभी असायची. दुपारी मावशी भाकरी घेऊन यायच्या.

"माझं काम तू करायलीस," ते एकदा म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"लोकाला काच वर झाली की बास हाय. दारात तार तेवढी तुमीच बसवा. मला न्हाई जमत."

हे खोटं होतं. तार बसवताना मी मावशींना पाहिलं होतं. मिस्त्रींनी भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर दिसले. मावशी टोक जोडायच्या आणि ते थरथरत्या हातानं दाराच्या पोटातली कप्पी चाचपडायचे. अर्धा अर्धा दिवस जायचा. मावशी शेजारी बसून त्यांना जुन्या गोष्टी विचारत राहायच्या, जणू काम कधी संपूच नये.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. मावशींना नांदेडला लेकीकडं मीच पोचवलं. अहमदपूर यायच्या आधी त्यांनी काच खाली केली. गरम वाऱ्यानं डोईवरचा पदर उडाला. त्या उन्हाळ्यात केस पार पांढरे झाले होते. आरशातून बघताना मला वाटलं, आता पदर सावरतील. पण त्या डोळे मिटून, वाऱ्याकडं तोंड करून तशाच बसून राहिल्या, आणि मी मोटार हळू केली.