दादांच्या पायांना हात लावू नका

माझ्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, कॅन्सर कमरेच्या मणक्यात उतरला आणि तिथली नस दाबली गेली. त्या दिवसांत दुपारी माहेरच्या ओसरीवर बसलं की सगळं झोपेत बघितल्यासारखं वाटायचं. लिंबाची सावली, येडशीच्या बाजूनं येणारा रेल्वेचा लांबचा आवाज, उंबऱ्याच्या आत बाजेवर डोळे मिटून पडलेले दादा. गुंगी गोळ्यांची त्यांना, डुलक्या मला.

"कंबर न्हाय गं, पायात आग व्हतीय," ते म्हणायचे. दुखणं मणक्यात असलं तरी नस ते पायात दाखवते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धोतराचं टोक पोटरीला लागलं तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. जन्मभर मेंढरांमागं काट्याकुट्यांतून हिंडलेला माणूस, आणि आता त्याला पांघरूणही सोसवेना. मला देवाचा राग राग यायचा.

त्यात आमच्याकडं भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पायांवर डोकं ठेवणार. दादा पाय मागं घेत नसत. वाकलेल्या माणसापासून पाय ओढून घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्यांचं म्हणणं. दात आवळून आशीर्वाद द्यायचे आणि माणसं गेली की मुकाट रडायचे.

शेवटी आई भडकली. तिनं दादांच्या जाड तळाच्या वहाणा पुसून उंबऱ्याशी मांडल्या आणि दारातच सांगायला लागली, "पाया पडायचं तर हितंच पडा. आत पायाला हात लावला तर माझ्याशी गाठ हाय." तिच्यापुढं कोण बोलणार? लोक निमूट वहाणांपुढं वाकू लागले. मग कुणीतरी वहाणांवर झेंडूचं फूलही वाहिलं.

दादांनी ते बाजेवरून पाहिलं.

"अगं, म्या जित्ता हाय अजून. पादुका कशाला मांडल्यास?"

"मग काय करू? तुमी वरडत न्हाय आन् मला बघवत न्हाय."

ते हसले, पण चेहरा उतरला. जरा वेळानं म्हणाले, "मला कुणी शिवंनाच झालंय."

आईनं उंबऱ्याशी मांडलेल्या वहाणांकडं पाहिलं.

"हाताला काय झालं न्हाय माझ्या," दादा म्हणाले. "डोकं हिकडं आणा म्हणावं."

आईनं वहाणा उचलल्या. सगळ्यांत आधी मीच उशाशी बसले आणि मान खाली घातली. पाण्यातून यावा तसा त्यांचा हात सावकाश आला. बोटं केसांतून फिरत राहिली. डोळे मिटलेलेच होते.

"केसं लई इरळ झाली की गं तुजी," ते म्हणाले. "आन् म्या आपला माझ्याच दुखण्यात."

आमच्याकडं लेक मोठी झाली की बाप तिला जवळ घेत नाही. लग्नानंतर दादांचा हात पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर आला होता, आणि त्यासाठी त्यांना एवढं सोसावं लागलं. मी डोकं वर उचललंच नाही.