हॉपची दोन पाकिटं

सुभद्राबाई भाकरी थापत होत्या, तोच दार वाजलं. औरंगाबादच्या बिअर कारखान्यातले जुने साहेब थेट सुरतच्या उधन्यात आले होते. सुभद्राबाईंच्या नवऱ्याला, सुकलालभाऊंना, ते नोकरीवर परत घेणार होते. आधी फक्त बिअरला वास देणाऱ्या हॉपच्या सुक्या फुलांचे दोन वाण पारखून दाखवायचे. कारखान्यात वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

सुकलालभाऊंनी दोन्ही पाकिटांतली फुलं तळव्यावर चोळून पुन्हापुन्हा हुंगली.

"अहो, एवढं काय? एकाला लिंबाच्या सालीचा वास, दुसऱ्याला ओल्या गवताचा. मलासुद्धा चुलीपाशी कळतंय!" सुभद्राबाई हसल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून पुन्हा भाकरी थापू लागल्या.

"मला दोन्ही सारखेच, साहेब. इथल्या कापड मिलमधल्या रंगाच्या वाफेनं नाक गेलं." त्यांनी पाकिटं परत केली. "एवढं करा. तिथं सांगा, सुकलाल घरी भेटला नाही."