वाळायला घातलेलं घोंगडं

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वरसं झाली होती, आन माझं पयलं लेकरू दोन म्हैन्याचं होतं. घरात घोंगडी इनायचा धंदा. मालक इनायचे, सासू लोकरीचं सूत कातायची. दिवाळीच्या आदी सासू वसरीवरून पडली, मनगट सुजून टम्म झालं, आन मी वली बाळंतीण. कातायला हातच न्हाई, मग घोंगडं व्हतंय कुठून? पर मालकानं हे कुणाला सांगितलंच न्हाई. जो यील त्याला एकच, "येत्या शनवारी घिऊन जा."

वायदा त्यांनी करायचा आन दारात मी हुबं ऱ्हायचं! गिऱ्हाईक पांदीत दिसलं की मालक मेंढरांच्या वाड्यात. जाताना मला सांगायचे, "म्हणावं, खळ दिली हाय, वाळायलंय." इनून झालं की घोंगड्याला चिंचोक्याची खळ देऊन उनात वाळवावं लागतं, तेवढं गिऱ्हाइकाला बी ठावं असतंय. म्हणून ही थाप.

शेजारच्या गावचा एक म्हातारा चार शनवार चालत आला. त्याची लेक बाळंतपणाला आली होती, थंडी लय पडलेली, तिच्यासाठी घोंगडं पायजे होतं. चवथ्या बारीला बी मी तेच बोलले. मान खाली घालून.

"म्हैना झाला वाळायलंय?" म्हातारा म्हणाला. "पोरी, तुमच्या दारात ऊन पडंना का? आमच्या गावचं थोडं पाठवू?"

मला हसू न्हाई आलं. अंगाची आग झाली. म्हाताऱ्यावर न्हाई, वाड्यात दडलेल्यावर. माझं लेकरू माझ्या खांद्यावर घोंगड्यात गुंडाळलेलं, आन त्याची लेक आज-उद्या मोकळी व्हायची, तिनं तिचं लेकरू कशात गुंडाळायचं? मालक मारतील, सासू बोलंल, गिऱ्हाईक तुटलं तर खावं काय, समदं डोक्यात, आन तोंडातून निघूनच गेलं, "बाबा, घोंगडं झालंच न्हाई. मागावर बी न्हाई. ही बगा लोकर, पोत्यातच हाय. कातायला माणूस न्हाई."

म्हातारा पोत्याकडं बगत ऱ्हायला. "हेच पयल्या शनवारी सांगितलं असतं, तर मी परभणीहून लोकरीचा तयार बुरणूस पांघरायला आणला नसता का?"

"आज बी जावा बाबा. आजून येळ हाय."

तेवढ्यात मालक वाड्यातून पळत आले. "बाबा, तिचं काय ऐकता! येत्या शनवारी..."

"न्हाई!" मी वरडले, लेकरू दचकून रडाया लागलं. "आवं, कशाचं इनणार? तुमच्या थापांचं सूत निघतंय का?"

म्हाताऱ्यानं मालकाकडं बगितलंच न्हाई. "तू सांग पोरी. खरं किती दिस?"

सासूचा हात, कातणं, इनणं, खळ, मी मनात मोजलं. "दोन म्हैने. आभाळ आलं तर चार दिस वर."

"मग नातवंडाच्या जावळाला दे," म्हणाला, आन बुरणूस आणायला परभणीच्या रस्त्याला लागला.

मालकानं मारलं न्हाई, पर दोन दिस बोलणं टाकलं. मी बी टाकलं. माझा राग त्यांच्याहून मोठा होता. तिसऱ्या दिशी पांदीत दुसरं गिऱ्हाईक दिसलं, आन मालक वाड्याकडं निघाले. मी लेकरू घिऊन वाटंत आडवी हुबी ऱ्हायले. "आता तुमी सांगायचं."

तोंडातल्या तोंडात पुटपुटले, पर पोतं त्यांनीच दारात वढून आणलं.