जीपवर गायलेलं गाणं

गंगाखेडला कॉलेजात होतो तेव्हा मी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी गाणाऱ्या एका कलापथकात होतो. पथकात पाटलाच्या घरचा मी एकटाच. बाकीची पोरं माझ्याच गावच्या बौद्ध वस्तीतली. तालीम माझ्या वर्गमित्राच्या अंगणात चालायची. आडनावं आम्ही टाकून दिली होती. सगळ्यांनी एका ताटात भाकरी मोडायची, असा पथकाचा नियम होता. ‘नाव आमचं आमीच सांगू’ हे आमचं गाणं मी पुढे उभा राहून म्हणायचो आणि मित्र डफ धरायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावातले पक्षाचे जुने पुढारी. वस्तीची मतं त्यांना आपल्या खळ्यावरच्या धान्यासारखी वाटत.

विधानसभेची निवडणूक लागली. पथकानं एका अपक्षाला पाठिंबा दिला. तो पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वस्तीचं मत पहिल्यांदाच पाटलाला न विचारता पडणार होतं, आणि पोरांना तेवढंच हवं होतं.

एका सकाळी अण्णा म्हणाले, “तुझ्या गळ्याचा कधी घराला उपयोग व्हईल का न्हाई? प्रचाराची जीप उभी हाय. चाल तीच ठेव, बोल बदल.”

लोकांना मी आजवर सांगत आलो, की वडिलांपुढे माझं काही चाललं नाही. ते खोटं आहे. अण्णांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. जीपच्या टपावर नवा कर्णा बांधला होता. मला त्यातून माझा आवाज ऐकायचा होता.

‘शिक्का यंदा इथंच मारू.’ बोल मीच जुळवले.

जीप वस्तीत शिरली तशी दारं उघडली. बाया हातातलं काम टाकून बाहेर आल्या, लेकरं मागं पळायला लागली. मित्राची आई शेजारणीला म्हणाली, “आपलंच पोरगं हाय की!” मी त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि पक्षाची खूण सांगितली.

मित्र तेव्हा पालमच्या बाजूला अपक्षाचा प्रचार करत होता. संध्याकाळी सायकलवर आला, तो धुळीनं माखलेला.

“काय केलंस गड्या हे? वस्तीत लोकं म्हणायलेत, तू जीपवर बसलास म्हंजे पथकानंच ठरवलं.”

मी कर्ण्याची वायर गुंडाळायला लागलो.

“तुझा आवाज हाय म्हणून लोकांनी दार उघडलं रे,” तो म्हणाला. “बोल की! उद्या वस्तीत येऊन सांग, हे माझं एकट्याचं हाय म्हणून.”

मी गेलो नाही. वस्तीनं अण्णांच्या पक्षावर शिक्का मारला. अण्णांनी पेढे वाटले, त्यातला एक मीही खाल्ला.

मग मी पक्षातच राहिलो, पदंही घेतली. गाणं सुटलं. वस्तीच्या वाटेनं जाणं टाळत गेलो.

नामांतर झालं तेव्हा वस्तीत सभा होती. घरातून निघताना अण्णा म्हणाले, “तिकडं कामून जायलास?”

“सांगायचं राहिलंय, ते सांगायला,” म्हटलं. “आणि पक्ष मी सोडलाय.”

त्यानंतर अण्णा माझ्याशी कधी नीट बोलले नाहीत.

सभेत मी माइक मागून घेतला आणि सगळं सांगितलं. बोल माझे होते, पथकानं काहीच ठरवलं नव्हतं, मला कुणी भाग पाडलं नव्हतं. कुणी टाळी वाजवली नाही. मित्राची आई पुढे बसली होती.

“इतक्या वर्सांनी आलास,” ती म्हणाली. “आमचं मत वापस मिळंल का रे?”

“न्हाई, मावशी.”

“मंग?”

मित्रानं माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि एका कॉलेजच्या पोरीला दिला. आता तेच गाणं ती म्हणणार होती. तो डफ तापवता तापवता माझ्याकडे न बघता म्हणाला, “पुढं न्हाई आता. मागं थांब. झील धर.”

झील धरायची म्हणजे मागं उभं राहून गाणाऱ्याची शेवटची ओळ उचलायची. पोरीनं सुरुवात केली. ‘नाव आमचं...’

मी ओळ उचलली. तेव्हापासून मागेच उभा आहे, आणि मागेच राहणार आहे.