टीव्हीचे दात

धावजी राठोडला कधी बैलानं फसवलं नाही, बैल विकणाऱ्यानं फसवलं नाही, आणि त्याची बायको मानीबाई म्हणायची की देवानंही एकदोनदा प्रयत्न करून नाद सोडला. महागावच्या बाजूला एका तांड्यात त्याचं घर. चाळीस वर्षं त्यानं बैलबाजारात हेडी म्हणून काढली, म्हणजे जनावरांच्या सौद्यातला मधला माणूस. बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहायचे, उन्हात उभा करून कातडी पाहायची, चार पावलं चालवून खूर कुठं पडतो ते पाहायचं, आणि मग दुपट्ट्याखाली समोरच्याची बोटं दाबून भाव करायचा. पंचक्रोशीतला माणूस त्याला विचारल्याशिवाय गोऱ्हासुद्धा घेत नसे.

मग ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला दात नसतात. तांड्यात आता बैलजोड्या उरल्या दोन, त्यातली एक म्हातारी. धावजीला विचारायचं कोणाला काही कारणच उरलं नाही. हद्द म्हणजे पोरगा बबलू यानं घरात फ्रिज आणला तो मोबाइलवर बोट दाबून. गाडी दारात उभी राहिली तेव्हा धावजीला कळलं की आपण फ्रिज घेतला आहे.

"अबे, बापाले विचाराचं तरी!"

"तुमी काय त्याचे दात पाह्यले असते काय, बाबा?"

सगळं घर खदखदून हसलं. धावजीही हसला, न हसून करतो काय? पण ते हसणं त्याला पचलं नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला भाकरी मिळते, औषध मिळतं, पण "तुमाले काय वाटते?" असं कोणी विचारत नाही, आणि धावजीला भूक होती ती नेमकी त्याचीच.

म्हणून नातीचा फोन आला तेव्हा त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा. नात म्हणजे मुलीची मुलगी, अंजू. यवतमाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घाटंजीकडच्या उर्वशी नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची.

"नाना, आमाले टीव्ही घ्याचा हाय. बुधवारी येता काय तुमी?"

"कोन, मी?"

"हाव ना. तुमीच पाह्यजे."

झालं! 'तुमीच पाह्यजे' हे दोन शब्द धावजीनं किराणा दुकानात सांगितले, दूध डेअरीवर सांगितले, पारावर तर तीनदा सांगितले. शेवटी शेजारचा नेमसिंग वैतागला. "धावजी, तुले टीव्ही चालू तरी करता येते काय?"

"मी काय सोता नांगराले जुंपून घेत होतो?" धावजी म्हणाला. "बैल मात्र मीच पसंत करून देत होतो ना?"

बुधवारी पांढरंशुभ्र धोतर, नवा दुपट्टा. उमरखेडहून येणारी यवतमाळ गाडी महागावात पकडली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी माफ, त्यामुळे कंडक्टरनं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट फाडलं. शेजारच्या प्रवाशानं विचारलंही नव्हतं, तरी आर्णी येईस्तोवर त्या बिचाऱ्याला कळून चुकलं होतं की हे गृहस्थ टीव्ही पसंत करायला चालले आहेत.

खोलीवर पोचल्यावर धावजीनं चहा घेतला आणि आधी खोली न्याहाळली. गोठा पाहिल्याशिवाय बैल घेऊ नये. एका भिंतीला पलंग, दाराशी टेबल, आणि टीव्हीसाठी राखलेली जागा दोहोंच्या मध्ये, समोरच्या भिंतीवर.

"टीव्ही कायले पाह्यजे?" त्यानं विचारलं.

"अभ्यासाले," अंजू म्हणाली.

"सिनेमाले," उर्वशी म्हणाली. दोघी एकदमच बोलल्या आणि मग एकमेकींकडे डोळे वटारून बघायला लागल्या.

खरं सांगायचं तर दोन्ही. तडा गेलेल्या एका मोबाइलवर दोन डोकी भिडवून त्या क्लासचे व्हिडिओ पाहायच्या, आणि अभ्यास कमी, धक्काबुक्की जास्त व्हायची. कॉलेजच्या कमवा-शिका योजनेत लायब्ररीची पुस्तकं झटकून आणि शिष्यवृत्तीतून वाचवून दोघींनी साडेनऊ हजार जमवले होते. त्याच्या वर एक छदाम नव्हता, आणि चुकीचा टीव्ही गळ्यात पडला तर दुसरा घ्यायची ऐपत पदवी होईस्तोवर येणार नव्हती.

तिघं बसस्टँडकडच्या एका दुकानात गेले. आत पाऊल टाकतात न टाकतात तोच सुनील नावाचा सेल्समन हसत पुढं आला. "या मॅडम! तुम्ही फोनवर सांगितला तोच बत्तीस इंची काढून ठेवलाय. पॅक करू?"

"हाव, करा," अंजू म्हणाली.

धावजी जागीच थबकला. "अन् पाह्याचं कवा?"

"पाहून झालं ना, नाना. आठ दिवस मोबाइलवर पाहून राह्यलो आमी. हजार लोकायनं चांगला म्हटला त्याले."

"मंग मले कायले बलावलं, छोरी?"

अंजूनं जीभ चावली. पण उर्वशी म्हणजे पोटात तेच ओठात. "आजोबा, घरपोच द्याचे हे तीनशे मांगतात. तुमाले तं एसटी फुकट हाय! म्हटलं पेटी धराले घरचाच मानूस बरा. पाचच किलोची हाय."

घ्या! हमाल! फुकट तिकिटाचा हमाल! धावजीची कानशिलं तापली. वाटलं, अस्संच फिरावं आणि परतीची गाडी धरावी. पण तांड्यात जाऊन काय सांगणार? नेमसिंग तर वाटच बघत असेल. त्यानं दुपट्टा झटकला, खांद्यावर नीट घेतला आणि सुनीलच्या हातातल्या चिकटपट्टीकडे पाहून म्हणाला, "राहू दे ते. आधी जनावर बाहेर काढ."

"काय काढू?"

"टीव्ही काढ. चालू कर. अन् तुये हे दिवे बंद करून दार पुरं उघड. सावलीत सारेच देखने दिसतात."

गल्ल्यावर बसलेले मालक देवीलालशेठ चष्म्यावरून पाहायला लागले. त्यांनी मान हलवली तशी सुनीलनं दिवे घालवले, दार सताड उघडलं. दुपारचं ऊन आत घुसलं. टीव्हीवर दागिन्यांची जाहिरात चालू होती, गोरीपान नवरी लाजत होती.

"उर्वशी, तू तिकडे दाराशी उभी राह्य. तुवं टेबल तिकडेच हाय ना? अंजू, तू या भिंतीले लाग. हां. आता सांगा, नवरी कशी दिसते?"

दोघी बाजूनं बघायला लागल्या. मधे उभं राहून दिसणारी गोरीपान नवरी बाजूनं काळवंडलेली, पिवळी दिसत होती.

"अगो बाई," उर्वशी म्हणाली. "इले तं हळद नाही, कावीळ झाली!"

"तुमी दोघी पलंग अन् टेबल सोडून मधे उकिडव्या बसनार असान तं घ्या," धावजी म्हणाला. मग त्यानं डोळे मिटले आणि कान दिला. "हे बोलून राह्यलं का दात चावून राह्यलं?" मग पेटी उलटी केली. "याचा जलम कवाचा?"

सुनीलनं कुरकुरत तारीख वाचली. दोन वर्षं तीन महिने.

"नवीनच आहे बाबा, पेटीबंद."

"दोन वरसं बाजारात उभ्या बैलाले कोनी नेलं नाही, तं त्याच्यात काही खोड असन का नसन? अन् बिमार पडला तं डाक्टर कुठं?"

"सर्व्हिस सेंटर नागपूरला."

"नाव मोठं, लक्षण खोटं," धावजी म्हणाला आणि हात धोतराला पुसले.

अंजूचं तोंड एवढंसं झालं होतं. आठ दिवस तिनं केलेली निवड तिच्या नानानं पंधरा मिनिटांत उभी चिरली होती. धावजीला बरं वाटलं, लपवायचं कशाला, फारच बरं वाटलं. मग नातीचं तोंड पाहून थोडी लाजही वाटली. बैलाला पाडून बोलावं, पोरीला नाही.

"चाल, तूच दाखव मले," तो मवाळ होऊन म्हणाला. "मोबाइल लावाची भोकं, इंटरनेट, ते मले समजत नाही. तू ते पाह्य. मी बाकीचं पाहतो."

मग आजा-नात दुकानभर फिरले. अंजू आतलं पाहायची, धावजी बाहेरचं. एकात इंटरनेट होतं तर आवाज नव्हता, एकाचं सगळं छान तर किंमत चौदा हजार. शेवटी खालच्या फळीवर एक सापडला, जाड काठाचा, कंपनीचं नाव तिघांनीही कधी ऐकलं नव्हतं. पण चार महिन्यांपूर्वीच बनलेला, दुरुस्तीवाला मागच्याच गल्लीत, आणि दाराशी उभं राहा की भिंतीला, नवरी नवरीच दिसत होती. किंमत अकरा हजार दोनशे.

"नाही जमत, नाना," अंजू हळूच म्हणाली. "साडेनऊच हायत."

धावजीनं दुपट्टा काढून हातावर टाकला आणि सुनीलसमोर धरला. "घाल हात."

"कुठे?" सुनील एक पाऊल मागं सरकला. "बाबा, आत काय आहे?"

"मुंगूस हाय! अबे, हात घाल, भाव कराचा हाय."

तेवढ्यात देवीलालशेठ गल्ल्यावरून उठले. त्यांचा बाप सरकीचा व्यापारी होता, लहानपणी त्याचं बोट धरून त्यांनी सगळे बैलबाजार पाहिले होते. त्यांनी बाही वर केली आणि हात दुपट्ट्याखाली घातला. पंजा दाबला की पाच, सुटी बोटं त्याच्या वर, एवढाच हिशेब. बोलायचं नाही. दोघांचे चेहरे असे की जणू कोणाच्या तेराव्याला बसलेत. दुपट्टा मात्र खालून वळवळत होता. एकदा शेठनं हात काढून घेतला, धावजीनं पुन्हा ओढला. एकदा धावजीनं मान झटकली. सुनील आ वासून पाहत होता, आणि उर्वशी व्हिडिओ काढत होती.

"नऊ," शेवटी शेठ मोठ्यानं म्हणाले आणि हसायला लागले. "वर भिंतीवर बसवून देतो, फुकट. किती दिवसांनी असा सौदा केला, बाबा! बोल बेटी, तुझी पसंती हाच का?"

अंजूनं मोबाइल हातात घेतला. उघडला नाही, पर्समध्ये टाकला. "नाना म्हनतील तो," ती म्हणाली.

धावजीनं दुपट्टा काउंटरवर टाकला. त्यानं टीव्हीकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. टीव्ही चांगला होता, भाव चांगला होता, आता नुसतं 'बांधा' म्हणायचं होतं. त्यानं कनवटीचे शंभर रुपये काढून शेठच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "हा इसार. सौदा पक्का. उचलू पुढच्या बुधवारी."

"पुढच्या बुधवारी?" अंजू ओरडली. "आज काहून नाही?"

"आज अवस हाय."

उर्वशीनं मोबाइलमध्ये पाहिलं. "आजोबा, अवस तं सोमवारीच झाली."

"मंग तिची वासना असन अजून. पी हळद अन् हो गोरी, असं नाही चालत, पोरीहो. वस्तू आठ दिवस बोलीत राहू द्यावी."

सगळी थाप होती. बैलबाजारात असला काही नियम नाही. खरी गोष्ट एवढीच की आज पेटी उचलली की काम संपलं, आणि उद्या सकाळी धावजी पुन्हा तोच, फ्रिजच्या शेजारी खाट टाकून बसणारा. बुधवारपर्यंत त्याचा सौदा उभा राहिला असता. आठ दिवस तांड्यात कोणीही विचारलं की कुठं निघाला, तर त्याला सांगायला जागा होती.

अंजू नानाकडे बघत राहिली. मग तिनं दुपट्टा उचलून घडी केली आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "पन बुधवारी सकाळच्याच गाडीनं या, नाना. आमाले एक पंखाबी घ्याचा हाय. अन् तो मले मोबाइलवर नाही घ्याचा."

धावजीनं सकाळी चहा घेतला होता तो तिच्या खोलीतल्या पंख्याखालीच. चांगला गरगर फिरत होता, आवाजसुद्धा नव्हता. चाळीस वर्षांत खोटं बोलणारा त्याच्या तावडीतून सुटला नव्हता.

"पंख्याले घाई नाही कराची," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "चार दुकानं पाहू."